नियम बदलला? आधी तारीख विचारा

२०२५च्या चतुर्थीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची मांडणी, बांधायला भाचा नव्हता. दरवर्षी शिडीवर तोच चढतो. कुवेतला एका कंपनीत तो स्टोअरकीपर आहे. रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं, अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढच्या मेपर्यंत चालू होता. तरी अडला. आदल्या रात्री फोन आला, “मामा, सगळं आहे, पण कंपनीची ऑनलाइन मंजुरी असल्याशिवाय विमानतळावरून सोडत नाहीत. जुलैपासून नवीन काढलंय. आणि आमचा मंदूबच सुटीवर गेलाय.”

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं उरकणारा माणूस. आखातात राहिलेल्याला हा शब्द शेजाऱ्याच्या नावाआधी पाठ होतो. मी स्वतः तिथे अकरा वर्षं हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे मंदूब सुटीवर गेला की काय होतं ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

आरतीनंतर नेवऱ्या खाताखाता हा विषय निघाला तो थांबेना. एकाचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला, एकाच्या वडिलांची जन्मनोंद लिस्बनला, एकाला दुबईहून बोलावणं आलेलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, “नियम बदलले.” कोणी बदलले, कोणासाठी बदलले, कधीपासून बदलले, हे विचारलं की जो तो मोबाइलवर आलेला फॉरवर्ड पुढे करायचा. त्या फॉरवर्डांत सगळं असतं, तारीख तेवढी नसते. आणि या सगळ्या व्यवहाराची किल्ली तारखेतच असते, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

आधी ‘नियम’ या शब्दाचं बघू, कारण तो आपण फार सैल वापरतो. सगळ्यात वर कायदा असतो. तो संसदेत होतो, त्यावर भाषणं होतात, पेपरात छापून येतो, बदलायला वेळ लागतो. त्याच्याखाली त्या कायद्यान्वये केलेली नियमावली. त्याच्याखाली खात्याचं परिपत्रक किंवा ज्ञापन. ते एका अधिकाऱ्याच्या सहीने निघतं आणि दुसऱ्या दिवशी लागू होतं. आणि सगळ्यात खाली खिडकी: समोर बसलेला माणूस त्या परिपत्रकाचा काय अर्थ लावतो ते. परदेशात राहणारा माणूस वरच्या दोन पायऱ्यांवर क्वचितच घसरतो. तो घसरतो तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. “कायदा तर तोच आहे, मग आता अडवतात का?” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शोधायला कुवेतला जायला नको. ते आपल्या पणजीतच आहे.

एक तारीख, दोन देश

पोर्तुगीज पासपोर्टाचा विषय निघाला की बाहेरच्या माणसाला वाटतं, गोव्याची माणसं पोर्तुगालचं नागरिकत्व ‘मिळवतात’. पोर्तुगालच्या बाजूने बघितलं तर तसं नाही. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. पुढे १९७५मध्ये त्यांनी वसाहतींतल्या लोकांच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा केला. त्यात जुन्या ‘एस्तादो दा इंडिया’त, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या भारतीय प्रदेशात, जन्मलेल्यांना, इच्छा जाहीर केली तर, पोर्तुगीज राष्ट्रीयत्व टिकवण्याची सोय ठेवली. शब्द ‘टिकवण्याची’ असा आहे, तो लक्षात ठेवा. म्हणून लिस्बनला जी प्रक्रिया होते ती मुळात जन्मनोंदीची. आजोबांचा जन्म तिकडच्या मध्यवर्ती नोंदवहीत चढवायचा, त्यांचं लग्न चढवायचं, मग वडिलांचा जन्म, मग आपला. साखळीतली एक कडी निखळली की पुढचं सगळं अडलं.

आता भारताची बाजू. १९६२च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१पूर्वी जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील, आजीआजोबा यांपैकी कोणी या प्रदेशात जन्मले असतील, ती त्या दिवसापासून भारताची नागरिक. ज्यांना नको असेल त्यांनी महिन्याभरात लेखी कळवायचं होतं.

म्हणजे बघा, तारीख एकच, २० डिसेंबर १९६१. तिच्या आधीच्या जन्माकडे बोट दाखवून लिस्बन म्हणतं, “हा आमचा.” त्याच जन्माकडे बोट दाखवून दिल्ली म्हणते, “हा आमचा.” पोर्तुगालला माणसाने दोन्हीकडचं असण्यात अडचण नाही. भारताला आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. कोणी रद्द करावं लागत नाही, तुम्ही अर्ज करावा लागत नाही. आणि नियमावली सांगते की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हातात असणं हा त्याचा निर्णायक पुरावा. “आम्ही घेतलं कुठे, जन्मापासूनच होतो,” हा युक्तिवाद मी कितीतरी वेळा ऐकला आहे. भावना समजते. पासपोर्ट कार्यालयात तो चालत नाही.

हे सगळं जुनंच. कायद्याच्या पायरीवर काही हललं नाही. हललं ते तिसऱ्या पायरीवर.

पूर्वी रीत अशी होती: पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, दंड असेल तो भरायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्याच्या जोरावर ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करायचा. २०२२च्या नोव्हेंबरअखेर परराष्ट्र मंत्रालयाचं एक ज्ञापन निघालं. परदेशी नागरिकत्व मिळाल्यानंतरही ज्याने ते न सांगता भारतीय पासपोर्ट घेतला किंवा वापरला, त्याने माहिती दडवली असं धरून १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) प्रमाणे पासपोर्ट ‘रद्द’ करायचा. म्हणजे माणूस सरेंडर करायला गेला आणि हातात पडला तो रिव्होकेशनचा आदेश. नावात काय आहे, असं वाटेल. पण ओसीआयच्या अर्जाला सरेंडर सर्टिफिकेट लागतं. रिव्होकेशन चालत नव्हतं. त्यामुळे लंडनच्या उपनगरात राहणारा, डिचोलीत वडिलोपार्जित घर असलेला माणूस आपल्याच गावी यायला व्हिसा मागणारा परदेशी झाला.

इथे गोव्याची खास गोची अशी होती: इतर देशांत नागरिकत्व मिळतं तो एक समारंभाचा दिवस असतो. शपथ घेतली, सर्टिफिकेट मिळालं, तारीख ठरली. आपल्याकडे लिस्बनला जन्म नोंदवला जातो तेव्हा माणूस इथे भात कापत असतो. पासपोर्ट मिळायला पुढे महिने, कधी वर्षं लागतात. मधल्या काळात तो भारतीय पासपोर्टवरच मस्कतला जाऊन येतो, नूतनीकरणही करतो. त्याला कुठे माहीत की कागदावर तारीख आधीच पडली आहे?

बरीच ओरड झाली, निवेदनं गेली. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राने मान्य केलं की पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांच्या बाबतीत सरेंडरऐवजी रिव्होकेशनचा कागदही ओसीआयसाठी पर्यायी दस्तऐवज म्हणून चालेल. कलम ९ तेच, पासपोर्ट कायदा तोच. एका कागदाने दार बंद केलं, दुसऱ्याने किलकिलं उघडलं. मधल्या काळात ज्यांचे अर्ज परत आले, त्यांतल्या कित्येकांना दार उघडल्याचं बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तेव्हाही दर सहा महिन्यांनी व्हिसा काढून येत होते, कारण त्यांना एकदा ‘नाही’ म्हटलं होतं आणि त्यांनी ते कायमचं ‘नाही’ समजून घेतलं. परिपत्रकाने आलेलं ‘नाही’ परिपत्रकाने जाऊ शकतं. ते अधूनमधून पुन्हा विचारावं लागतं.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने आली तर ती वेगळी गोष्ट. मात्र पात्रतेत एक ओळ जणू आपल्यासाठीच आहे: १५ ऑगस्ट १९४७नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातल्या व्यक्ती आणि त्यांची मुलं, नातवंडं. आणि कार्ड नसेल तर तो माणूस इथल्या कायद्याने साधा परदेशी. त्या कायद्यांचंही १ सप्टेंबर २०२५पासून नवं रूप आलं आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांबाबतचा एकच कायदा लागू झाला. कळंगुटला खोल्या भाड्याने देणाऱ्यांना फॉर्म सी तोंडपाठ असतो. गोऱ्या पाहुण्यासाठी भरायचा तो फॉर्म आपल्याच काकासाठी भरायची वेळ येऊ शकते, हे मात्र कोणी धरलेलं नसतं.

फेरीचा रॅम्प

आता तारखेचं गणित. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. रॅम्प उचलला जातो त्या क्षणी माणसं तीन तऱ्हेची असतात. चढलेली, धक्क्यावर रांगेत असलेली, आणि अजून घरी चहा पीत असलेली. नवा नियम म्हणजे रॅम्प उचलणं. चढलेल्यांना सहसा कोणी उतरवत नाही. घरी असलेल्यांना पुढची फेरी, तीही नव्या दराने. भांडण असतं ते रांगेतल्यांचं. अर्ज दिलाय पण निकाल नाही, नोकरी लागली पण व्हिसा नाही, लग्न ठरलंय पण नोंद नाही. त्यांचं काय करायचं हे प्रत्येक देश त्या-त्या वेळी एका वेगळ्या कलमात लिहितो. नियम बदलल्याची बातमी आली की बाकी पानं बाजूला ठेवून आधी ते कलम शोधायचं: ‘या तारखेपूर्वी आलेल्या अर्जांना’ अशा वळणाचं ते वाक्य असतं.

ब्रिटनमधल्या आपल्या लोकांनी हा रॅम्प स्वतः बघितला. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट, म्हणून माणसं स्विंडन, साउथॉल, लेस्टरला गेली. लिस्बन बहुतेकांनी नकाशातच पाहिलं. २०१६ला ब्रेक्झिटचं मतदान झालं, ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडलं, पण मुक्त संचार चालू होता तो ३१ डिसेंबर २०२०च्या रात्री अकरापर्यंत. तो रॅम्प. त्याआधी जे तिथे राहत होते त्यांनी आपली ‘स्टेटस’ची नोंद करायची मुदत ३० जून २०२१. ही दुसरी तारीख म्हणजे बोटीत चढलेल्यांच्या तिकीट तपासणीची. आपल्याकडे बऱ्याच जणांनी दोन्हीत घोळ केला आणि २०२१च्या एप्रिलमध्ये तिकीट काढून गेले: “जूनपर्यंत मुदत आहे ना?” मुदत होती, पण आधीच चढलेल्यांना.

पाच वर्षांचं सलग वास्तव्य दाखवता आलं त्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, कमी असेल त्यांना तात्पुरता प्री-सेटल्ड. प्री-सेटल्डवाल्यांनी पाच वर्षं भरली की पुन्हा अर्ज करायचा, नाही केला तर हक्क संपला, अशी सुरुवातीची योजना होती. ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२च्या डिसेंबरमध्ये बेकायदा ठरवली. मग सरकारने मुदती आपोआप वाढवायला सुरुवात केली, आधी दोन वर्षांनी, नंतर पाच वर्षांनी. २०२५च्या जुलैपासून सलग वास्तव्याची अटही सैल झाली: पूर्वी कुठल्याही बारा महिन्यांत सहापेक्षा जास्त महिने बाहेर राहिलात की साखळी तुटत असे, आता गेल्या साठ महिन्यांतले एकूण तीस महिने तिथे काढले असले तरी पुरतं. कोविडमध्ये आईवडिलांपाशी गोव्यात अडकलेल्यांसाठी हा मोठाच दिलासा. नियम बदलले म्हणजे वाईटच झालं असं धरून बसणाऱ्यांनी याकडे बघायला हवं. अर्थात त्याच ब्रिटनने २०२३च्या ऑगस्टपासून उशिरा आलेल्या अर्जांची कारणं आधीपेक्षा कडक तपासायला घेतली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने आवळलं.

लग्नाचं गणित याहून नाजूक. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला सेटल्ड स्टेटस आहे. लग्न ठरलं २०१९ला. गोव्यात लग्नाच्या तीन तारखा असतात हे आपल्याला माहीत आहे: सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही, आणि मांडवातला मुहूर्त. त्यांची पहिली सही झाली, मग टाळेबंदी आली, तो तिकडे अडकला, आणि दुसरी सही झाली २०२१ला. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा. लग्न नोंदलं जातं ते दुसऱ्या सहीने. ३१ डिसेंबर २०२०ला नातं कायद्याने जुळलेलं असतं तर बायकोला फी न भरता, पगाराचा आकडा न दाखवता कुटुंबीय म्हणून जाता आलं असतं. आता साधा जोडीदाराचा व्हिसा. त्याला उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांची होती. हा म्हणाला, “थोडे पैसे साठवतो, मग अर्ज करतो.” साठवेपर्यंत ११ एप्रिल २०२४ उजाडला आणि अट २९,००० पौंड झाली. त्या तारखेआधी अर्ज दिलेल्यांना मात्र पुढच्या नूतनीकरणालाही जुनाच आकडा लागू. एकाच माणसाचा रॅम्प दोनदा हुकला. आणि दोन्ही वेळा त्याला वाटत होतं की आपण घाई न करून शहाणपणा करतोय.

एक फरक याच ओघात: प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे. २०२५च्या मेमध्ये ब्रिटनच्या सरकारने कायमच्या वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं लावण्याचा विचार श्वेतपत्रिकेत मांडला. आठवड्याभरात आमच्याकडे फोन, “सेटल्डवाल्यांना काढणार म्हणे.” श्वेतपत्रिका म्हणजे सरकारच्या मनात काय आहे त्याचा मसुदा, आणि ब्रेक्झिट करारातून मिळालेलं सेटल्ड स्टेटस त्या दहा वर्षांच्या हिशेबात नव्हतंच. पोर्तुगालमध्येही तेच पाहिलं. नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची वर्षं वाढवणारा कायदा तिथल्या संसदेने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केला, आणि डिसेंबरमध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मधल्या दोन महिन्यांत ‘दहा वर्षं झाली’ असं सांगून घाईघाईने पैसे उकळणारे इथे कमी नव्हते.

पोर्तुगालबद्दल आणखी थोडंसं. भारतीय पासपोर्टवर तिथे जाऊन, काम धरून, मग आतूनच कायदेशीर होण्याची एक वाट होती. ३ जून २०२४ला ती बंद झाली. त्याआधी २०२३च्या ऑक्टोबरअखेर जुनं इमिग्रेशन खातं मोडून आयमा नावाची नवी संस्था आली, तीही लाखोंच्या तुंबलेल्या अर्जांसकट. आता कोणी “आधी पोच, मग कागद करू” म्हणाला तर तो २०२४च्या आधीचा सल्ला विकतोय.

हक्क आणि कागद

जुन्या माणसांना हे पटायला जड जातं. आमच्या वेळी पासपोर्टवर स्टिकर असायचा. स्टिकर आहे म्हणजे आपण आहोत. कुवेतने तो अकाम्याचा स्टिकर २०१९च्या मार्चमध्येच बंद केला. सगळं सिव्हिल आयडीवर गेलं. ब्रिटनने परवान्याची प्लास्टिक कार्डं २०२४च्या अखेरीला संपवली आणि ई-व्हिसा आणला. सेटल्ड स्टेटस तर पहिल्यापासून संगणकातच. म्हणजे हक्क सरकारच्या नोंदीत असतो, तुमच्या हातात त्या नोंदीकडे बोट दाखवणारा क्रमांक असतो.

अडचण कुठे येते? तुमची नोंद एका पासपोर्ट क्रमांकाला बांधलेली असते. पासपोर्टची मुदत संपते, तुम्ही नवा घेता, नोंदीत मात्र जुनाच क्रमांक. चतुर्थी करून परत निघता आणि मोपा विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणते, “सर, सिस्टीममध्ये दिसत नाही.” तिच्याशी भांडून उपयोग नसतो. ब्रिटनच्या कायद्याने योग्य कागदाविना प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी २,००० पौंड दंड होऊ शकतो. ती तुमचा हक्क तपासत नसते, कंपनीचे पैसे वाचवत असते. नवा पासपोर्ट आला की तो खात्यात त्याच आठवड्यात जोडायचा, निघायच्या आदल्या रात्री नव्हे. ओसीआयवाल्यांनाही तसंच: नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचा असतो.

कुवेतकडे वळतो, भाच्यासाठी. तिथे व्हिसाला क्रमांकाने ओळखतात. खाजगी कंपनीतल्यांचा अठरा नंबर, त्याला आपले लोक शून म्हणतात. घरकामाचा वीस नंबर, तो खादिम. कुटुंबाचा बावीस. १ जुलै २०२५पासून अठरा नंबरवाल्यांना देशाबाहेर जायच्या आधी कंपनीची ऑनलाइन परवानगी लागते. कामगाराने अर्ज करायचा, कंपनीने मंजूर करायचा. शेजारच्या कतारने हीच अट २०१८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने काढून टाकली होती, म्हणजे आखातात सगळीकडे वारा एकाच दिशेने वाहतो असंही नाही. कागदावर ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. व्यवहारात ती मंदूबच्या मूडवर, मालकाच्या फोनवर आणि अपूर्ण राहिलेल्या हिशेबावर अवलंबून असते. परवाना देशाने दिला, पण दाराची कडी मालकाच्या हातात गेली. मला स्वतःला हा बदल आवडलेला नाही.

उलट दिशेचं उदाहरणही तिथलंच. वीस नंबरवरून अठरावर जाणं एरवी जवळजवळ अशक्य. १४ जुलै ते १२ सप्टेंबर २०२४ एवढे दोन महिने कुवेतने ते उघडलं: त्याच मालकाकडे वर्ष झालेलं हवं, त्याची संमती हवी, फी ५० दिनार. आमच्या सत्तरीकडचा एक ड्रायव्हर कागदावर खादिम होता. त्याला हे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. मालक तेव्हा युरोपात उन्हाळा काढत होता.

आणि सहा महिन्यांची अट: अठरा नंबरवाला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की अकामा आपोआप मोडतो. कोविडमध्ये ती ढिली केली होती, नंतर परत आणली. ‘त्या वेळी चाललं होतं’ या आधारावर आजारी आईपाशी सात महिने थांबलेला माणूस मी बघितला आहे. दुबईवाल्यासाठी एवढंच सांगितलं: व्हिजिट व्हिसावर जाऊन काम धरायचं नाही, मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहॅम चढतात, आणि दहावी पास नसशील तर निघण्याआधी इथूनच एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागेल. तो दहावी पास निघाला, विषय संपला.

आजोबांचं स्पेलिंग

आता ज्यावर सगळ्यात जास्त अर्ज फुटतात त्याकडे येतो. ते कुठल्याच देशाने बदललेलं नाही, आपणच बदललेलं आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत नाईक हे क्यू-यू-ई लावून लिहिले जात, कामत हे ‘कामोतिम’, शेणवी ‘सिनाय’, प्रभू ‘पोरोब’. ‘श’साठी ते एक्स वापरत, म्हणून शंकर एक्सने सुरू होतो. मुक्तीनंतर शाळेत मास्तरांनी इंग्रजी वळणाने लिहिलं, रेशन कार्डावर तलाठ्याने आपल्या वळणाने, आधारवर मशीनवर बसलेल्या मुलाने त्याच्या. नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडच्या हिंदू घरांत यात आणखी एक भर: आडनाव कधी गावाचं, कधी कुळाचं, कधी नुसतं बापाचं नाव. पूर्वी खिडकीवरचा माणूस गोव्याचा जाणकार असला तर हसून सोडून द्यायचा. आता नोंदी संगणक जुळवतो. त्याला ‘कामोतिम’ आणि कामत ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही.

म्हणून जन्मदाखला काढाल तर संक्षिप्त नको, मूळ नोंदीचा शब्दशः उतारा, ज्याला आपण ‘तेओर’ म्हणतो, तो काढा. त्यात आजोबांचं नाव, गाव, साक्षीदार सगळं येतं, आणि दोन स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत हे त्यावरून सिद्ध करता येतं. नाव कायदेशीर बदलायचं असेल तर त्यासाठी गोव्याचा १९९०चा वेगळा कायदा आहे. पण आधी ठरवा कुठलं नाव कुठे बदलायचं. एका देशात दुरुस्त केलेलं नाव दुसऱ्या देशात न जुळणारं नाव होतं. एका एजंटाने आमच्या नात्यातल्या एका बाईंचं भारतीय बाजूचं नाव ‘नीट’ करून दिलं, बाराशे रुपयांत. लिस्बनची नोंद जुन्या नावाची होती. ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक वही करायला लावतो. डाव्या पानावर स्वतःच्या तारखा: जन्म, नोंद, लग्नाची दुसरी सही, पासपोर्ट मिळाला तो दिवस, देशात शिरल्याचे आणि बाहेर पडल्याचे दिवस, अर्ज पोचल्याची पावती. उजव्या पानावर नियमाच्या तारखा: कधी जाहीर झाला, कधीपासून लागू, आधीच्या अर्जांचं काय. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली की आपण चढलेले, रांगेतले की घरी बसलेले, हे निम्म्या वेळा तिथल्या तिथे दिसतं. नियमाचं पान सरकारी संकेतस्थळावरून, त्या दिवसाच्या तारखेसकट छापून ठेवायचं, कारण संकेतस्थळावरचं पान बदललं की जुनं शोधून सापडत नाही. जुना पासपोर्ट, जुनं सिव्हिल आयडी, विमानाचे बोर्डिंग पास फेकायचे नाहीत. आमच्या घरी वडिलांचा १९९०च्या ऑगस्टमध्ये, इराकने हल्ला केल्यावर, कुवेत सोडतानाचा कागद अजून आहे, पण तो कपाटात आहे तो वेगळ्या कारणाने.

भाचा शेवटी तुळशीच्या लग्नाला आला. माटोळी केव्हाच उतरवून ठेवली होती. येताना त्याने परतीच्या तिकिटाबरोबर परवानगीचा स्क्रीनशॉटही छापून आणला होता. म्हणाला, “मामा, पुढच्या चतुर्थीची रजा मी आताच टाकली आहे. मंदूबची सुटी कधी आहे ते आधी विचारून घेतलं.”